तुवालूची शिल्लक

प्रशांत महासागरात तुवालू नावाचा नऊ बेटांचा देश आहे. वस्ती जेमतेम 11 हजारांच्या आसपास. उत्पन्नाची साधनं मोजकीच. 1987 साली ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि ब्रिटनच्या मदतीनं, स्वतःचेही थोडे पैसे घालून, या देशानं सुमारे 2 कोटी 70 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा विश्वस्त निधी उभारला. त्याची रचना मोठी शहाणपणाची. खाती दोन. पहिल्यातलं मुद्दल परदेशात गुंतवलेलं. महागाई वाढेल तसं तेही वाढलं पाहिजे. तेवढं भागून उरलेला नफाच दुसऱ्या खात्यात जातो, आणि सरकारनं हात घालायचा तो त्यातच. बाजार पडला, तर त्या वर्षी नवं काही मिळत नाही. पुढे 1999 मध्ये बेटांच्या पारंपरिक सभांसाठी फालेकाउपुले हा वेगळा निधी निघाला. त्यात बेटांनी आपली वर्गणीही घातली.

त्याच महासागरातल्या नाउरूनं फॉस्फेटच्या खाणींतून याहून कितीतरी अधिक पैसा निधीत टाकला होता. तो हॉटेलांत, इमारतींत आणि 1993 साली लंडनमध्ये, लिओनार्दो दा विंचीवरच्या एका संगीत नाटकातही गेला. नाटक आपटलं. कर्जं वाढली, मालमत्ता विकाव्या लागल्या.