शब्दांवाचूनची गिटार आणि तिचे धनी



१९७७ साली अमेरिकेने 'व्हॉयेजर' नावाची दोन याने अवकाशात सोडली. प्रत्येकात सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी होती, आणि तीवर पृथ्वीवरचे निवडक संगीत कोरलेले होते. गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांची 'जात कहाँ हो' ही भैरवी तीत आहे. मराठी रसिकांना हे ठाऊक आहे आणि त्याचा त्यांना रास्त अभिमानही वाटतो. पण केसरबाईंचा स्वर थांबला की त्या तबकडीवर लगेच पुढे कोण येते, हे सांगू शकणारे फार थोडे. पुढे येतो टेक्सासमधील ब्लाइंड विली जॉन्सन हा अंध, कृष्णवर्णीय, रस्त्यावर गाणारा कलावंत. 'डार्क वॉज द नाइट, कोल्ड वॉज द ग्राउंड' ही त्याची रचना डिसेंबर १९२७ मध्ये डॅलस येथे मुद्रित झाली. तीन मिनिटांहून थोड्या अधिक काळात तो एकही शब्द उच्चारीत नाही. गिटारच्या तारेवरून एक कठीण वस्तू घसरत जाते, तिची मींड निघते आणि तिच्या मागोमाग नुसता हुंकार येतो. हा माणूस १९४५ मध्ये बोमाँट या गावी दारिद्र्यात मरण पावला. तो भजने गाणारा होता, म्हणून त्याच्या संगीतास 'ब्लूज' म्हणू नये, असे काही पंडित म्हणतात. तो वाद पंडितांनी खुशाल घालावा. कानाला त्याचे गोत्र सहज ओळखू येते.

ब्लूज हे अमेरिकेच्या दक्षिणेकडील कृष्णवर्णीय श्रमिकांचे गाणे. त्याविषयी आपल्याकडे आस्था आहे, परंतु प्रत्यक्ष ऐकण्याची वेळ आली की माणूस अडखळतो. त्या गाण्याची बोली इंग्रजी शिकलेल्यालाही चटकन उमगत नाही. अशा श्रोत्याने शब्दांच्या दारातून आत जाण्याचा अट्टाहास का करावा? सतार किंवा सनई ऐकताना आपण शब्द मागत नाही. ब्लूजमध्येही नुसत्या गिटारची एक समृद्ध परंपरा आहे. विजेच्या यंत्रावाचून वाजणाऱ्या साध्या लाकडी गिटारची. मराठी कानाने प्रवेश तेथून करावा.

या वादनात काय ऐकावे? प्रथम उजव्या हाताचा अंगठा ऐकावा. तो जाड तारांवर अखंड ठेका धरतो, आणि त्याच वेळी बाकीची बोटे बारीक तारांवर चाल वाजवीत असतात. जणू तबलजी आणि पेटीवाला एकाच हातात बसले आहेत. दुसरी गोष्ट स्वरांची. या संगीतातला गांधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधल्या जागी वारंवार रेंगाळतो. पियानोच्या पट्ट्यांत ही जागा नाही, म्हणून युरोपीय कानाला ती प्रथम बेसूर वाटली. श्रुतींची सवय असलेल्या आपल्या कानाला तेथे बिचकण्याचे कारण नाही.

गिटार या लोकांच्या हाती आली ती तिच्या स्वस्ताईमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कारखान्यात बनलेल्या गिटारी टपालाने माल धाडणाऱ्या दुकानांच्या सूचिपत्रांतून थोडक्या डॉलरांत मिळू लागल्या. पियानो बैठकीच्या खोलीबाहेर पडू शकत नव्हता, गिटार मात्र खांद्यावर टाकून चालता येई. आणि चालावे तर लागेच. मिसिसिपीतील बटाईदाराच्या हाती वर्षभर रोकड येत नसे. मालकाच्या दुकानातील उधारी आणि कापसाचा हिशेब यांतच त्याचे साल संपे. व्यवहाराची ही तऱ्हा आपल्याकडील कुळांना आणि सावकारांना समजावून सांगण्याची गरज नाही. याउलट उत्तर कॅरोलिनातील डरहॅमसारख्या गावी तंबाखूच्या वखारी होत्या. हंगामात तेथे रोख पैसा फिरे आणि वादक त्या वखारींच्या आसपास जमत. या वादकांत इतके अंध का, असा प्रश्न पडतो. उत्तर साधे आहे. ज्याला शेतात राबता येत नाही आणि ज्याच्याकडे सरकार पाहत नाही, अशा अंध कृष्णवर्णीयाला पोट भरण्यासाठी रस्त्याचा कोपरा आणि सहा तारा एवढेच उरत होते.

एकट्या गिटारवर वाजवलेल्या ब्लूजच्या पहिल्या मुद्रिका म्हणून ज्या मानल्या जातात, त्यांत शब्द नाहीत, हे लक्षात घेण्याजोगे आहे. २ नोव्हेंबर १९२३ रोजी केंटकीतील लुइव्हिलच्या सिल्व्हेस्टर वीव्हर यांनी ओके कंपनीसाठी 'गिटार ब्लूज' आणि 'गिटार रॅग' हे दोन तुकडे वाजवले. वीव्हर १९२७ मध्ये हा व्यवसाय सोडून गावी परतले आणि पुढे मोटारचालकाची नोकरी करू लागले. १९३६ मध्ये बॉब विल्स यांच्या वाद्यवृंदाने 'स्टील गिटार रॅग' नावाची एक तबकडी काढली. ती अफाट खपली आणि गोऱ्यांच्या ग्रामीण संगीतात ती अभिजात मानली जाते. तिचा रचनाकार म्हणून नाव लागले ते वृंदातील लिऑन मकॉलिफ यांचे. पण कोणीही दोन्ही मुद्रिका एकापाठोपाठ ऐकाव्यात. चाल वीव्हर यांचीच आहे. शब्द असलेल्या गाण्यात कवीची खूण राहते. नुसती चाल मात्र खिशात घालून नेता येते. वीव्हर १९६० मध्ये वारले आणि त्यांच्या थडग्यावर नाव कोरलेला दगड बसायला १९९२ साल उजाडावे लागले.

ब्लाइंड ब्लेक यांची गोष्ट याहून विलक्षण आहे. १९२६ ते १९३२ या काळात त्यांनी पॅरामाउंट कंपनीसाठी सुमारे ऐंशी गाणी व तुकडे मुद्रित केले. ही कंपनी मुळात विस्कॉन्सिनमधील खुर्च्यांच्या एका कारखान्याची. फोनोग्राफची लाकडी कपाटे खपावीत म्हणून तबकड्या काढायच्या, असा तिचा हिशेब होता. अशा धंद्यात वादकाला बहुधा तबकडीच्या बाजूमागे ठोक रक्कम मिळे, विक्रीत वाटा नसे. मंदी आली, तबकड्यांचा खप कोसळला आणि १९३२ मध्ये पॅरामाउंटचे मुद्रण थांबले. ब्लेक १९३४ मध्ये मिलवॉकी येथे वारले. ते कोठे व कसे वारले हे तर २०११ पर्यंत जाणकारांनाही नीट माहीत नव्हते. मूळ साचे जपण्याची फिकीर कंपनीने केली नाही. आज जे ऐकू येते ते संग्राहकांनी जुन्या, झिजलेल्या तबकड्यांवरून उतरवून घेतलेले आहे. म्हणून ते ऐकताना चुलीवर काहीतरी तडतडत असल्यासारखा आवाज येतो. श्रोत्याने त्यास कंटाळू नये. 'ब्लाइंड आर्थर्स ब्रेकडाउन' हा १९२९ चा तुकडा लावला की अर्ध्या मिनिटात ती तडतड कानाआड होते. एवढा चपळ आणि तरीही लयीला न सोडणारा अंगठा दुसऱ्या कोणाचा ऐकू आलेला नाही, असे वादक मंडळीच सांगतात.

१९२८-२९ मध्ये न्यू ऑर्लिन्सचे लॉनी जॉन्सन आणि फिलाडेल्फियाचे एडी लँग या दोघांनी गिटारच्या जुगलबंद्या मुद्रित केल्या. लँग हे इटालियन वंशाचे, गोरे. त्यांचे खरे नाव साल्वातोरे मासारो. काळा आणि गोरा एकत्र बसून वाजवतात हे तबकडीवर छापण्याची सोय त्या काळी नव्हती. म्हणून लँग यांना 'ब्लाइंड विली डन' असे नाव देण्यात आले. अंधही नाही आणि विलीही नाही! वर्णभेदाच्या बाजारात गोऱ्याने काळ्याचे सोंग घेऊन शेजारी बसावे, हा विनोद खुद्द त्या बाजारानेच घडवला. मात्र वाजवताना दोघांत उच्चनीच काही नाही. 'अ हँडफुल ऑफ रिफ्स' मध्ये एक जण पुढे जातो तेव्हा दुसरा त्याच्यासाठी जमीन धरून ठेवतो. लँग १९३३ मध्ये ऐन तिशीत गेले. जॉन्सन १९५९ मध्ये एका हॉटेलात झाडलोट करताना सापडले आणि त्यानंतर पुन्हा वाजवू लागले.

या सर्वांत जिच्यापाशी अधिक वेळ थांबावे अशी एलिझाबेथ कॉटन. उत्तर कॅरोलिनात १८९३ मध्ये जन्मलेल्या या बाईंनी पोरवयात घरकामाच्या तुटपुंज्या पगारातून पैसे साठवून पावणेचार डॉलरला गिटार घेतली. त्या डावखुऱ्या होत्या. तारा बदलून न घेता त्यांनी गिटारच उलटी धरली. त्यामुळे त्यांचा अंगठा चाल वाजवी आणि बोटे ठेका धरीत. हे सर्व वादकांच्या नेमके उलट झाले, आणि त्यातूनच त्यांची स्वतंत्र शैली जन्मली. पुढे चर्चच्या मंडळींनी ऐहिक संगीत सोडण्यास सांगितल्यावरून त्यांनी वाद्य ठेवून दिले. अनेक वर्षे त्या मोलकरीण म्हणूनच राबल्या. वॉशिंग्टनमधील एका मोठ्या दुकानात काम करीत असताना हरवलेली एक मुलगी त्यांनी आईजवळ पोहोचवली. ती आई म्हणजे संगीतकार रूथ क्रॉफर्ड सीगर. त्या घरी कॉटन स्वयंपाकपाण्यास लागल्या, आणि भिंतीवरची गिटार एके दिवशी त्यांनी उतरवली.

त्या घरच्या पेगी सीगर यांनी कॉटन यांचे 'फ्रेट ट्रेन' हे गाणे इंग्लंडात नेले. १९५७ मध्ये ते तेथे गाजले, पण तबकडीवर रचनाकार म्हणून भलत्याच दोघांची नावे होती. कॉटन यांना श्रेय मिळण्यासाठी खटपट करावी लागली. सुदैवाने माइक सीगर यांनी त्यांचे वादन घरीच मुद्रित केले आणि १९५८ मध्ये फोकवेजने ते प्रसिद्ध केले. तीत 'व्हॅस्टपोल' नावाचा एक तुकडा आहे. क्रिमियन युद्धातील सेवास्तोपोलच्या वेढ्यावरून हेन्री वॉरल यांनी गोऱ्यांच्या दिवाणखान्यांसाठी गिटारची एक रचना केली होती. तिचे नाव आणि तारांची जुळवणी फिरत फिरत काळ्या मजुरांच्या ओसरीवर पोहोचली व तेथे निराळीच होऊन बसली. म्हणजे उसनवारी दोन्ही बाजूंनी झाली. पैसा मात्र एकाच बाजूला गेला. कॉटन यांना ग्रॅमी पारितोषिक मिळाले ते १९८५ मध्ये, वयाच्या नव्वदीनंतर.

पुढची वाट श्रोत्याला आपोआप सापडते. अंध रेव्हरंड गॅरी डेव्हिस न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये रस्त्यावर वाजवीत आणि घरी शिकवीत. अंगठा आणि तर्जनी एवढ्या दोनच बोटांत त्यांनी अख्खा बँड बसवला होता. १९६४ मध्ये त्यांची केवळ वादनाची तबकडी निघाली. ती चुकवू नये. जॉन फाहे या गोऱ्या तरुणाने १९५९ मध्ये स्वखर्चाने शंभर प्रती काढल्या आणि एका बाजूवर 'ब्लाइंड जो डेथ' असे काल्पनिक नाव छापले. ही थट्टा काहीशी उथळ होती. परंतु पुढे त्यांनीच बुका व्हाइट यांच्यासारख्या विस्मृतीत गेलेल्या कलावंतांचा माग काढला, हेही नोंदवले पाहिजे.

मालकीच्या प्रश्नाचे उत्तर कायद्याने उशिरा का होईना अर्धेमुर्धे दिले आहे. अमेरिकेच्या २०१८ च्या कायद्यानुसार वीव्हर यांच्या १९२३ च्या मुद्रिका १ जानेवारी २०२४ पासून सर्वांच्या झाल्या. फोकवेजचे संस्थापक मोझेस अ‍ॅश १९८६ मध्ये वारले. पुढच्याच वर्षी त्यांचा सर्व संग्रह स्मिथसोनियन या सार्वजनिक संस्थेकडे गेला, तो एका अटीवर. खप असो वा नसो, त्यातील एकही तबकडी बाजारातून नाहीशी होऊ द्यायची नाही. त्यामुळे कॉटन यांची ती १९५८ ची तबकडी आजही मागेल त्याला मिळते. तीतील 'विल्सन रॅग' प्रथम लावावा. तो फार छोटा आहे. दोनदा ऐकावा लागतो.