बजेटचा पहिला रकाना



आरती झाल्यावर सरकारी जमाखर्चावर बोलायचं म्हणजे श्रोत्यांची परीक्षाच. पण इंदूरच्या या सभागृहात फडणीस आहेत, पोतनीस आहेत, मुजुमदार आहेत. हिशेब लिहिणं, खजिना सांभाळणं, हिशेब तपासणं यांवरूनच ही आडनावं पडली, तेव्हा विषय अगदीच परका नाही. आम्ही राज्य सरकारच्या नोकरीत आहोत, त्यामुळे धोरणांवर टीका करायची सोय नाही. कागद कसा वाचायचा तेवढं सांगतो.

मध्य प्रदेशचं बजेट आलं की दुसऱ्या दिवशी पेपरात रस्त्यांना इतके कोटी, सिंचनाला इतके कोटी असे आकडे येतात. ते सगळे शेवटच्या रकान्यातले. २०२५-२६ चं पुस्तक घ्या. प्रत्येक बाबीपुढे आधी २०२३-२४ चा प्रत्यक्ष खर्च, मग २०२४-२५ चा मूळ अंदाज, त्याच वर्षाचा सुधारित अंदाज आणि शेवटी २०२५-२६ चा अंदाज. खरोखर झालेला खर्च फक्त पहिल्या रकान्यात, आणि तो दोन वर्षं जुना. तोवर ती घोषणा कोणाला आठवत नाही.

अंदाज चुकतो, कारण जमीन ताब्यात येत नाही, टेंडर भरायला कोणी येत नाही, केंद्राचा हप्ता उशिरा येतो. ३१ मार्चपर्यंत न खर्चलेले पैसे परत जातात, म्हणून मार्चमध्ये कचेऱ्यांत रात्रीपर्यंत दिवे जळतात आणि बिलांची रांग लागते. घाईतलं काम कसं होतं ते सांगायला नको. आपण त्याच रस्त्यांवरून इथे आलात.

जमेची बाजूही पाहा. २०१७ पासून जीएसटीचे दर एकट्या राज्याच्या हाती नाहीत. हाती उरलं ते मुख्यतः पेट्रोल-डिझेल, दारू, मुद्रांक आणि वाहनकर. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी वाटपयोग्य केंद्रीय करांतले ४१ टक्के राज्यांना दिले, त्यांतले ७.८५ टक्के मध्य प्रदेशला. म्हणजे शंभर रुपयांतले सव्वातीनसुद्धा नाहीत.

आलेल्या पैशातून पगार, व्याज आणि पेन्शन आधी निघतात, रस्ता नंतर. पेन्शनचं गणित तर आपल्या घराघरांतलं आहे. १ जानेवारी २००५ पासून लागलेल्या आम्हा लोकांच्या मूळ पगार आणि महागाई भत्त्यातून १० टक्के कापले जातात, सरकार आपला वाटा घालतं. त्याआधीच्यांची पेन्शन मात्र त्या त्या वर्षाच्या महसुलातून जाते. तिच्यासाठी साठवलेली थैली नाही. २००४ साली बाविसाव्या वर्षी लागलेला माणूस बासष्टाव्या वर्षी, २०४४ मध्ये निवृत्त होईल. पंच्याऐंशी वर्षं जगला तर २०६७ पर्यंत पेन्शन घेईल, मग पत्नीला कुटुंब पेन्शन. तोवर सरकारला दोन्ही खर्च करायचे आहेत. बजेटसोबतचं मध्यम मुदतीचं विवरण मात्र पुढच्या दोन-तीन वर्षांपलीकडे फारसं पाहत नाही.

राजस्थान आणि हिमाचलने जुनी पेन्शन परत आणली. आम्हालाही ती हवी आहे, खोटं कशाला बोला! पण ती दिली तर आज सरकारचा वाटा वाचतो आणि शेवटचा रकाना उलट बरा दिसतो. बिल येईल २०४० नंतर, आणि ते भरतील आत्ता स्टेजवर नाच बसवणारी ही मुलं. ही बेरीज जाहीरपणे मांडून मगच निर्णय व्हावा, एवढं आमच्यासारख्या लाभार्थ्यांनीच म्हणायला हवं. पेन्शनरांच्या बैठकीत हे बोललो की खुर्च्या सरकतात, त्याला इलाज नाही.

कॅगच्या संकेतस्थळावर राज्याचा दरमहाचा जमाखर्च असतो, तो कोणालाही पाहता येतो. आपल्या भागातलं एखादं काम निवडा आणि त्याचे चारही रकाने सलग तीन वर्षं वहीत उतरवा. रविवारी सकाळी आम्ही मंडळाच्या वाचनालयात असतो. मोबाइल आणि चष्मा घेऊन या, पुस्तक उघडून दाखवू.