एकास चोवीस



साताऱ्याच्या आमच्या एका चालकाने स्वतःच्या ट्रेलरची पुठ्ठ्याची प्रतिकृती केली. प्रमाण एकास २४. १२ मीटरचा ट्रेलर ५० सेंटिमीटरचा झाला. पुढचा घोडा सुटा, मागचा ट्रेलर खिळीवर वळणारा. सांगलीच्या सभेत त्याने ती टेबलावर मांडली. मग त्याच मापाचा, ७ सेंटिमीटरचा, मातीचा चालक काढून केबिनमधल्या फळीवर निजवला. पाय बाहेर! सभा हसली, मग गप्प झाली.

१९६१ च्या कायद्याने वाहतूक कामगाराचा दिवस आठ तासांचा ठरवला. १ ऑक्टोबर २०२५ पासून नव्या अवजड मालमोटारींना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. पण दमलेला माणूस मावतो का, हे आम्ही युनियनवाल्यांनीही मोजले नव्हते. त्या रात्री मी मागणीपत्रकात एक कलम वाढवले: फळीची लांबी.