संगणकाच्या पोटातला संगणक

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याची भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.)



कार्यक्रमपत्रिकेत 'व्हर्च्युअल मशीन' हे शब्द वाचून सकाळपासून दोघा-तिघांनी मला विचारलं, "ते डोळ्यांवर मोठा चष्मा लावून हवेत हात फिरवतात, ते का?" नाही, ते वेगळं. त्यात माणूस खोट्या जगात जातो. आपल्याकडे खोट्या जगात जाणार आहे तो बिचारा कॉम्प्युटर. (हशा) मला वीस मिनिटं दिलीत आणि मागून मसालेभाताचा वास यायला लागलाय, तेव्हा लांबण लावत नाही.

तुमच्या नेहमीच्या लॅपटॉपवर एक प्रोग्रॅम टाकायचा. तो उघडला की त्याच्या खिडकीत दुसरा अख्खा कॉम्प्युटर चालू होतो. त्याचा वेगळा डेस्कटॉप, वेगळं स्टार्ट बटण, वेगळी 'सी' ड्राइव्ह. बाहेर विंडोज ११ किंवा मॅक आणि आत, समजा, २००१ सालचं विंडोज एक्सपी, त्या हिरव्यागार टेकडीच्या चित्रासकट. बाहेरच्याला इंग्रजीत होस्ट म्हणतात आणि आतल्याला गेस्ट. आपण सरळ यजमान आणि पाहुणा म्हणू.

गंमत अशी, की आपण पाहुणे आहोत हे पाहुण्याच्या गावीच नसतं. कुठल्याही ऑपरेटिंग सिस्टिमची समजूत असते की हा सगळा वाडा माझाच. मेमरी माझी, डिस्क माझी, कीबोर्ड माझा. ही समजूत मोडायची नाही आणि वाडाही ताब्यात द्यायचा नाही, ही त्या प्रोग्रॅमची कामगिरी. त्याला हायपरवायझर म्हणतात. पाहुण्याच्या साध्या सूचना, म्हणजे बेरीज कर, तुलना कर, ह्या थेट खऱ्या प्रोसेसरवर चालतात, म्हणून वेग फारसा कमी होत नाही. पण डिस्कवर लिही, मेमरीचा नकाशा बदल, असं काही खास मागितलं की हायपरवायझर ते मध्येच अडवतो आणि खोटी पण पटणारी व्यवस्था करून देतो. पाहुण्याला जी ८० जीबीची हार्ड डिस्क वाटते, ती यजमानाच्या दृष्टीनं फक्त एक मोठी फाइल असते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

कल्पना नवी अजिबात नाही. आयबीएमनं १९६७ मध्ये सिस्टिम ३६०च्या ६७ नंबरच्या मॉडेलवर हे चालवून दाखवलं होतं. एका महागड्या मशीनवर अनेकांना आपापलं मशीन असल्यासारखं वाटावं म्हणून. घरगुती पीसीवर ते यायला बराच वेळ लागला, कारण इंटेलच्या चिपमध्ये काही सूचना अशा होत्या की त्या मध्येच अडवताच येत नसत. व्हीएमवेअरनं १९९९ मध्ये त्या सूचना चालता चालता बदलून टाकण्याची युक्ती बाजारात आणली. २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडी दोघांनीही चिपमध्येच सोय केली आणि प्रश्न मिटला. इतिहास एवढा पुरे.

आता तुम्ही म्हणाल, चांगलं नवं विंडोज असताना त्यात जुनं एक्सपी कोंबायची हौस कशाला? एक्सपीचा सपोर्ट तर ८ एप्रिल २०१४ लाच संपला. बरोबर आहे. कारण आहे आपली मराठी.

आपल्या मंडळाचे १९९७ ते २००५ चे दिवाळी अंक पेजमेकरमध्ये लावलेले आहेत. कोणाच्या बेसमेंटमध्ये, कोणाच्या गॅरेजमध्ये, सीडी आणि झिप डिस्कवर ते पडून होते. त्या काळात युनिकोड नव्हतं असं नाही, त्यात देवनागरी १९९१ पासून आहे. पण पेजमेकरला ते कळत नव्हतं, आणि एक्सपीवर मराठी हवी असेल तर रीजनल सेटिंग्जमध्ये जाऊन खूण करायची, मग ते एक्सपीची सीडी मागणार, आणि सीडी कुठे ठेवलीय ते घरात कोणालाच आठवणार नाही! त्यामुळे छपाईचं सगळं काम श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम अशा पॅकेजेसवर चाले. त्यांनी मराठी छपाईची फार मोठी सेवा केली आहे, हे मी आधीच सांगून टाकतो.

पण हे फॉन्ट कसे होते? कॉम्प्युटरच्या दृष्टीनं मजकूर इंग्रजीच. फॉन्टनं फक्त इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी आकार काढून ठेवलेला. उदाहरणार्थ 'कृतिदेव' फॉन्टमध्ये छोट्या 'डी'च्या जागी 'क' आहे आणि 'एफ'च्या जागी ऱ्हस्व वेलांटी. तुम्ही 'एफडी' टाइप केलंत की पडद्यावर 'कि' दिसतं. फॉन्ट काढून घेतला की खाली उरतं 'एफडी'. प्रत्येक कंपनीचा नकाशा वेगळा, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन आवृत्त्यांचाही वेगळा. म्हणजे फाइल धडधाकट आहे, एकही बाइट खराब नाही, आणि तरी ती वाचणारं कोणी नाही. कुलूप शाबूत आणि किल्ली हरवलेली.

हे सगळं नव्या कॉम्प्युटरवर का चालत नाही? पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७.०, साल २००१. पुढे अडोबीनं इनडिझाइन पुढे आणलं. सीएस६ पर्यंतचं इनडिझाइन पेजमेकर ६ आणि त्यानंतरच्या फायली उघडायचं, नंतर तेही बंद झालं. विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्ये येतं, आणि ६४-बिट विंडोजवर जुने १६-बिट प्रोग्रॅम चालत नाहीत. त्यावेळच्या कितीतरी पॅकेजेसचे इन्स्टॉलर १६-बिट असत. कीबोर्डचे आणि डोंगलचे ३२-बिट ड्रायव्हर असतील तर तेही तिथे चालत नाहीत. डोंगल आठवतं ना? प्रिंटरच्या पोर्टला मागे लावायचं ते छोटं ठोकळ्यासारखं कुलूप. ते हरवलं की पंचवीस हजारांचं सॉफ्टवेअर म्हणजे नुसती सीडी!

हे काम हातात घ्यायला निमित्त झालं ते आपल्या एका ज्येष्ठ काकूंचं. काका जाऊन तीन वर्षं झाली. १९६९ मध्ये आठ डॉलर खिशात घालून ते इथे उतरले, ती हकिगत त्यांनी २००१ च्या अंकात लिहिली होती. नातीनं ती वाचायला मागितली. छापील अंक घर बदलताना गेला. मंडळाकडे प्रत नाही, तेव्हाच्या संपादकांकडेही नाही. होती फक्त एक सीडी आणि तिच्यावर 'दिवाळी २००१ फायनल', 'फायनल २' आणि 'खरंच फायनल' अशा तीन फायली. (हशा)

आम्ही तिघांनी मिळून काय केलं ते थोडक्यात सांगतो, म्हणजे घरी कोणाला करायचं असेल तर अंदाज येईल. व्हर्च्युअलबॉक्स हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम घेतला. व्हीएमवेअरचं वर्कस्टेशनही २०२४ पासून घरगुती वापराला मोफत झालं, तेही चालेल. नवं मशीन तयार करताना त्याला ५१२ एमबी मेमरी आणि २० जीबी डिस्क दिली. एक्सपीला तेवढं म्हणजे राजेशाही. डिस्कचा कंट्रोलर 'आयडीई' निवडायचा, कारण एक्सपीला नंतरचे प्रकार ओळखता येत नाहीत आणि ते निळा पडदा दाखवून झोपी जातं. एक्सपीची अधिकृत सीडी आणि तिची की लागतेच. ब्रँडेड पीसीबरोबर आलेलं एक्सपी त्या मशीनलाच बांधलेलं असतं, दुकानातून वेगळं घेतलेलं हलवता येतं. आमच्यातल्या एकाकडे दुकानातलं होतं, रंगीत खोक्यासकट. आपली माणसं खोकी टाकत नाहीत, हे एकदाचं उपयोगी पडलं.

एक गोष्ट मात्र कडक पाळायची. पाहुण्याला इंटरनेट द्यायचं नाही. सेटिंगमध्ये नेटवर्कची खूणच काढून टाका. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायचा हल्ला झाला, तेव्हा मायक्रोसॉफ्टनं अपवाद म्हणून एक्सपीसाठी दुरुस्ती काढली होती. तसं दर वेळी होत नाही. मग फायली आत न्यायच्या कशा? त्या एका सीडीच्या इमेजमध्ये भरायच्या आणि ती इमेज पाहुण्याच्या खोट्या सीडी ड्राइव्हमध्ये घालायची. त्याला वाटतं खरीच सीडी आली.

आणि स्नॅपशॉट! माझ्या मते या सगळ्या प्रकारात सगळ्यात सोन्यासारखी सोय हीच. पेजमेकर टाकलं, स्नॅपशॉट घेतला. फॉन्ट टाकले, बिनसलं? एक क्लिक, आणि मशीन पुन्हा पेजमेकर टाकल्याच्या क्षणी. खऱ्या पीसीवर हेच करायला शनिवार-रविवार गेला असता. आम्ही चार वेगवेगळ्या फॉन्ट-संचांचे चार स्नॅपशॉट ठेवले आहेत, कारण एकाच नावाचे दोन फॉन्ट एकत्र सुखानं नांदत नाहीत.

'खरंच फायनल' उघडली. पहिल्या पानावर नुसते चौकोन आणि उच्चारचिन्हं लावलेली इंग्रजी अक्षरं. तिसऱ्या फॉन्ट-संचाला अख्खं पान मराठीत उमटलं, रांगोळीच्या बॉर्डरसकट. काकांचा लेख एकतिसाव्या पानावर होता. काकूंनी आधी लेख वाचला नाही, त्याच्या शेजारच्या जाहिरातीतला किराणा दुकानाचा फोन नंबर वाचला आणि म्हणाल्या, "हे दुकान बंद होऊन किती वर्षं झाली!" मग लेख वाचला. नऊपैकी सात अंक असे उघडले. एकाचा फॉन्टच मिळाला नाही आणि एकाच्या झिप डिस्कनं जीव सोडला आहे. तिथे व्हर्च्युअल मशीन काही करू शकत नाही; डिस्कवरचं चुंबकत्वच गेलं तर कसला यजमान आणि कसला पाहुणा.

आतल्या आत पीडीएफ काढली की पान कायमचं जसंच्या तसं राहतं, कारण फॉन्ट पीडीएफच्या पोटात जातो. पण त्या पीडीएफमध्ये 'गणपती' शोधा, सापडणार नाही. खाली अजून तीच इंग्रजी अक्षरं आहेत. युनिकोडमध्ये आणायला रूपांतर करावं लागतं, आणि खरी मेहनत तिथे आहे. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली, युनिकोडमध्ये नंतर. रफार तिथे अक्षरानंतर, इथे आधी. एवढं प्रोग्रॅम करतो. पण हिंदी डोळ्यापुढे ठेवून लिहिलेल्या रूपांतराला आपला 'ऱ' कळत नाही. जुन्या फॉन्टमधला तो अर्ध्या चंद्रासारखा आकार त्यानं सरसकट रफार केला. परिणाम? एका लेखात लग्नाच्या पंगतीचं वर्णन आहे, 'आचाऱ्यांना बोलावलं'. प्रोग्रॅमनं केलं 'आचार्यांना बोलावलं'. स्वयंपाक करायला साक्षात आचार्य! (हशा) डोंगराच्या 'दऱ्या'चा 'दर्या' झाला, म्हणजे थेट समुद्रच. दोन्ही शब्द मराठीतले, त्यामुळे स्पेलचेकर गप्प बसतो. इथे मराठी येणारं माणूसच हवं.

ती माणसं या हॉलमध्ये बसली आहेत. इथे वाढलेली आमची मुलं मराठी बोलतात, थोडीफार वाचतातही, पण 'आचाऱ्यां'ची चूक त्यांच्या नजरेला येणार नाही. तेव्हा ज्यांनी ते अंक लिहिले, तपासले, त्या काका-काकूंना माझी विनंती आहे. कॉम्प्युटर आम्ही बघतो, मजकूर तुम्ही बघा. एकेकाला दहा पानं दिली तर दसऱ्यापर्यंत एक अंक होतो.

आणि घरी जुना टॉवर पडलेला असेल तर रिसायकलिंगला टाकण्याआधी आम्हाला एक फोन करा. आपण त्याच्या हार्ड डिस्कची इमेज काढून घेऊ. पाहुण्याची डिस्क म्हणजे एक फाइल, असं मघाशी सांगितलं ना? त्याच न्यायानं खऱ्या डिस्कचीही फाइल करता येते आणि तो अख्खा कॉम्प्युटर, त्यातल्या फॉन्ट आणि पत्रांसकट, पुन्हा चालू करता येतो. पहिल्या खेपेला निळा पडदा येईल, एक्सपी पुन्हा अॅक्टिव्हेशन मागेल, पण त्यावर उपाय आहेत.

आता प्रश्न.

"माझ्याकडे नवा मॅक आहे, त्यावर होईल का?" होईल, पण हळू. २०२० च्या नोव्हेंबरपासून अॅपलनं मॅकमध्ये स्वतःची चिप घालायला सुरुवात केली. तिची भाषा वेगळी, एक्सपीची इंटेलची. मग पाहुण्याच्या सूचना थेट चालत नाहीत, प्रत्येक वाक्याला दुभाष्या लागतो. यूटीएम नावाचा मोफत प्रोग्रॅम हे करतो. एक्सपी इतकं हलकं आहे की पानं उघडून पीडीएफ काढण्यापुरतं चालतं. पॅरॅलल्सवर विंडोज ११ वेगात चालतं, पण ते त्या चिपसाठीच बनवलेलं विंडोज. त्यानं आपलं जुनं डोंगलचं दुखणं जात नाही.

"प्रिंटर पोर्टचं डोंगल असेल तर?" यूएसबीचं डोंगल पाहुण्याकडे सोपवता येतं. प्रिंटर पोर्टच हल्लीच्या लॅपटॉपला नसतो. अशा वेळी तो जुना टॉवरच दुरुस्त करून एकदा चालू करायचा आणि त्याच्यावरच पीडीएफ काढून घ्यायच्या. म्हणून म्हणतो, टाकू नका.

"फ्लॉपी चालतील का?" आणा. यूएसबीला लावायची फ्लॉपी ड्राइव्ह माझ्याकडे आहे. फक्त साडेतीन इंची. सव्वापाच इंचीची कोणाकडे असेल तर जेवताना मला गाठा.