इन्सुलिन मिळेनासे झाले तर



केंद्रातील इन्सुलिन संपले की घरोघरी उरलेली कुपी अर्ध्या मात्रेने पुरविण्याचा उपाय सुरू होतो. तो घातक आहे. मात्रा बदलावयाची ती डॉक्टरांनीच. परंतु मला अधिक भय वाटते ते बदली मिळालेल्या औषधाचे. आपल्या नेहमीच्या कुपीत एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटे असतात. दुसऱ्या काही कुप्यांत व पेनच्या कार्ट्रिजमध्ये १००. हे औषध लाल टोपीच्या, म्हणजे ४० युनिटांच्या सिरिंजमध्ये जुन्याच खुणेपर्यंत भरल्यास अडीचपट मात्रा शरीरात जाते, साखर एकदम उतरते आणि रोगी बेशुद्ध पडू शकतो.

तेव्हा शिक्षक मंडळींनी शेजारच्या निरक्षर वृद्धांस कुपी व सिरिंज या दोहोंवरील आकडा वाचून दाखवावा. तो जुळत नसेल तर टोचू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. आणि चौकशीस निघावयाचे ते कुपीत आठवड्याचे औषध शिल्लक असतानाच.