मोटारसायकल शिकवायची कोणी?

(करमाड येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शेतमालाचा भाव, पिण्याचे पाणी, शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतील कंत्राटी कामगार असे भारी विषय समोर असताना नवशिक्या चालकांच्या शिक्षणाचा विषय मी मागून घेतला, तेव्हा आपल्यापैकी काहींना तो किरकोळ वाटला. हा आर.टी.ओ.चा विषय, त्यात पक्षाने काय करायचे, असेही एकाने विचारले. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधायला पुस्तकात जाण्याची गरज नाही. शाळा-कॉलेजच्या वेळेला जालना रस्त्यावर दहा मिनिटे उभे राहिले की पुरे. एका मोटारसायकलवर तीन मुले, पाठीवर दप्तरे, डोके उघडे. आणि पुढे बसून जो गाडी चालवतो त्याला अजून मिसरूडही फुटलेले नसते. त्यांच्या खांद्याला खांदा घासून कारखान्यांकडे जाणारे कंटेनर धावत असतात. ही मुले परकी नाहीत. ती आपल्याच घरांतली आहेत.

केंद्र सरकारच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशाच्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत शंभरापैकी सुमारे ४४ दुचाकीवरची होती. हेल्मेट नसलेल्या मृतांची संख्या पन्नास हजारांवर होती. अठरा वर्षांच्या आतली साडेनऊ हजार मुले या यादीत आहेत. एखाद्या साथीत इतकी माणसे दगावली असती तर सरकारला जाब विचारायला आपण रस्त्यावर उतरलो असतो. रस्त्यावरच्या मरणाला मात्र आपण 'नशीब' म्हणतो, नाही तर 'पोरांची मस्ती' म्हणतो, आणि मोकळे होतो.

मस्ती असते, हे मी नाकारत नाही. परंतु मस्तीच्या आधी एक प्रश्न येतो: या मुलाला गाडी चालवायला शिकवले कोणी? मला माझ्या चुलतभावाने शिकवले. वय पंधरा, जागा शेताकडचा गाडीरस्ता, वेळ अर्धा तास. क्लच आणि गिअर त्याने आधी सांगितले, ब्रेकचे सांगायचे राहून गेले. ते मला बाभळीच्या काट्यांनी शिकवले. आज हसू येते. पण तेव्हा त्या वाटेवर बैलगाड्या होत्या. आजचा मुलगा तीच अर्ध्या तासाची विद्या घेऊन चौपदरी रस्त्यावर येतो. ट्रॅक्टरही तो तसाच शिकतो. मोटारमालकाकडे क्लीनर म्हणून राहणारा गरिबाचा मुलगा तर वर्षानुवर्षे गाडी धुऊन, चाके बदलून, उस्तादाच्या शिव्या खाऊन रात्रीच्या रिकाम्या रस्त्यावर स्टिअरिंगला हात लावायला मिळावा म्हणून वाट पाहतो. आपल्या देशातले खरे चालक-विद्यालय आजवर हेच राहिले आहे, आणि त्याची फी पोरवयातल्या श्रमाने भरली गेली आहे.

कायदा काय म्हणतो ते पाहू. मोटार वाहन अधिनियम, १९८८ प्रमाणे अठरा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय मोटार वाहन चालवता येत नाही. अपवाद एकच: सोळा वर्षे झालेल्याला ५० सी.सी.पर्यंतची दुचाकी चालवता येते. ही तरतूद लूनाच्या काळाला साजेशी होती. आज बाजारातल्या पेट्रोलवरच्या स्कूटर शंभर सी.सी.च्या पुढच्या आहेत. म्हणजे सवलत कागदावर आहे आणि तिला बसणारे वाहन दुकानात जवळजवळ नाही. पुढे, खाजगी वाहनाचा परवाना मिळवण्यासाठी कोणत्याही वर्गात शिकण्याचे बंधन नाही. शिकाऊ परवाना घ्यावा, तीस दिवस थांबावे, चाचणी द्यावी. त्या तीस दिवसांत उमेदवार किती तास शिकला आणि कोणाजवळ शिकला, याची नोंद कोणी मागत नाही. २०२१ पासून शिकाऊ परवान्याची परीक्षाही घरबसल्या देता येते. पडद्यासमोर मुलगा बसला होता की एजंट, हे ज्याचे त्याने समजावे.

मोटार ड्रायव्हिंग स्कूलसाठी १९८९च्या केंद्रीय नियमांत अभ्यासक्रम आहे. हलक्या खाजगी वाहनासाठी किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे किमान १० तास, असे तो सांगतो. पण हे वर्ग शहरात आहेत, ते प्रामुख्याने मोटार शिकवतात, आणि त्यांची फी शेतमजुराच्या कित्येक दिवसांच्या मजुरीएवढी असते. आपल्या मुलांच्या हाती असते मोटारसायकल. ती शिकवणारी शाळा या पंचक्रोशीत मला दाखवा! आणि मुलींचे काय? मुलगा निदान भावाकडून चोरून शिकतो. मुलीला तेवढेही कोणी शिकवत नाही, आणि मग जन्मभर दुसऱ्याच्या पाठीमागे बसणे तिच्या वाट्याला येते.

आमचे काही मित्र म्हणतात, शिक्षा कडक करा. ती केलेली आहे. २०१९च्या दुरुस्तीने अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड अशी तरतूद आली. वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. कायदा इतका कडक असताना १९ मे २०२४च्या रात्री पुण्यात कल्याणीनगरला काय घडले ते सर्वांना आठवते. भरधाव परदेशी मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. ती सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता असा पोलिसांचा आरोप आहे. बाल न्याय मंडळाने जामीन देताना त्याला अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितले, आणि साऱ्या महाराष्ट्रात संताप उसळला. तो संताप योग्यच होता. परंतु त्या संतापात एक गोष्ट निसटली. कोट्यवधींच्या मोटारीतला मुलगा आणि कॉलेजसाठी बापाची मोटारसायकल घेणारा मुलगा यांना आपण एकाच शब्दाने ओळखू लागलो. एकाला गाडी ही चैन आहे, दुसऱ्याला ती एस.टी.ची जागा भरून काढते.

होय, एस.टी.ची! मराठवाड्याला सरकारी बस नवी नाही. निजामाच्या राज्यात १९३२ साली सरकारी मोटार वाहतूक सुरू झाली; मुंबई राज्याची एस.टी. धावली ती त्यानंतर, १ जून १९४८ला. खेड्यातला मुलगा शिकला तो एस.टी.च्या पासावर. कॉलेजच्या वेळेला गावात बस येत नाही, आली तर थांबत नाही, तेव्हा बाप नाइलाजाने किल्ली मुलाच्या हाती देतो. त्या बापाला तुरुंगाची भीती घालणाऱ्या राज्याने बस का आली नाही याचा खुलासा आधी करायला हवा. प्रवासाची सोय हा जिवाचा प्रश्न आहे हे करमाडला कोणी समजावून सांगू नये. ८ मे २०२०च्या पहाटे याच परिसरात रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांच्या अंगावरून मालगाडी गेली. टाळेबंदीत वाहन मिळेना म्हणून जालन्याहून मध्य प्रदेशातल्या घराकडे ते पायी निघाले होते. तो प्रसंग वेगळा होता, काळ वेगळा होता. पण सोय नाकारलेला माणूस धोक्याची वाट धरतो, हे सूत्र दोन्हीकडे सारखेच आहे.

आता आपल्या मागणीकडे येतो, आणि येथे थोडे सावध व्हायला हवे. शाळेत चालक-शिक्षण सुरू करा म्हणजे काम झाले, असे समजू नका. अमेरिकेत हे करून पाहिले गेले. जॉर्जिया राज्यातल्या डीकाल्ब परगण्यात शाळकरी मुलांवर याचा मोठा प्रयोग झाला, आणि नुसत्या वर्गाने अपघातांत टिकाऊ घट झाल्याचे दिसले नाही. उलट, वर्ग केलेल्या मुलांना परवाना लवकर मिळतो आणि ती लवकर रस्त्यावर येतात, हा नवाच धोका पुढे आला. गाडी वळवण्याची सफाई आली म्हणजे धोका ओळखण्याची नजर आली, असे होत नाही. नजर तासांनी येते, आणि ते तास जाणत्याच्या शेजारी गेले पाहिजेत.

म्हणून शहाण्या देशांनी दुसरी वाट धरली. स्वीडनने १९९३ साली जाणत्याच्या सोबतीने सराव करण्याचे वय साडेसतरावरून सोळावर आणले, पण पूर्ण परवान्याचे वय अठराच ठेवले. लवकर सुरुवात करणाऱ्या मुलांच्या सरावाचे तास दुपटीहून अधिक झाले आणि पुढे त्यांचे अपघात कमी झाले. न्यूझीलंडने १९८७ साली टप्प्याटप्प्याचा परवाना आणला: आधी शिकाऊ, मग मर्यादित, मग पूर्ण. मर्यादित टप्प्यात रात्री दहा ते पहाटे पाच एकट्याने गाडी चालवायची नाही आणि सोबत्यांना घेऊन फिरायचे नाही. कारण नवशिक्याला रात्र आणि मागे बसलेले समवयस्क मित्र, या दोन गोष्टी सर्वांत घातक असतात. आपल्याकडे तिघे एका गाडीवर रात्री लग्नाच्या वरातीहून परततात. तेथे या दोन्ही एकत्र येतात.

आपल्या सरकारने काय केले? १ जुलै २०२१पासून 'मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रां'चे नियम लागू केले. हलक्या मोटारीसाठी चार आठवड्यांत २९ तासांचा अभ्यासक्रम, त्यांतले २१ तास प्रत्यक्ष. अभ्यासक्रम चांगला आहे, हे मोकळेपणाने मान्य करावे. पण केंद्राला सपाट प्रदेशात दोन एकर जमीन हवी, सिम्युलेटर हवा, चाचणीचा मार्ग हवा. एवढे भांडवल घालणारा फी कोणाकडून वसूल करील? शिवाय तेथे उत्तीर्ण झालेल्याला आर.टी.ओ.ची चाचणी माफ! जो फी घेतो तोच पास करतो. शिकवणारा आणि परीक्षा घेणारा वेगळा असावा, हे गावच्या शाळेतला शिपाईसुद्धा सांगेल.

तेव्हा आपण चार गोष्टी मागाव्यात. पहिली, वाहन शिकवणे हे सार्वजनिक शिक्षण मानावे. शासकीय आय.टी.आय.मध्ये मोटार मेकॅनिक घडतात, एस.टी. आपले चालक स्वतः तयार करते, भोसरीला तिची प्रशिक्षण संस्था आहे. ही जागा, ही माणसे जनतेची आहेत. सुट्टीच्या दिवशी तेथे मुलामुलींना दुचाकीसह सर्व वाहने नाममात्र फीत आणि गरिबांना विनामूल्य शिकवावीत. दुसरी, परवाना टप्प्याटप्प्याने द्यावा, सरावाच्या तासांची नोंदवही सक्तीची करावी आणि पहिल्या वर्षी रात्रीवर व मागच्या सीटवर बंधन घालावे. तिसरी, चाचणी शासकीय अधिकाऱ्यानेच घ्यावी. चौथी, जी तीन मागण्यांचा पाया आहे: शाळा-कॉलेजच्या वेळेला प्रत्येक गावाला एस.टी. मिळावी. बस आल्याशिवाय कायदा पाळला जाणार नाही, आणि शिक्षण मिळाल्याशिवाय दंडाचा उपयोग होणार नाही.

परंतु मागणी करणाऱ्याचे हातही स्वच्छ असले पाहिजेत. निवडणूक आली की सर्वच पक्ष मोटारसायकल रॅली काढतात. आपणही काढल्या. गर्दी दिसावी म्हणून मिसरूड न फुटलेल्या पोरांच्या हाती आपण झेंडे दिले, पेट्रोल घातले. परवाना आहे का, हे विचारले नाही. हेल्मेट घातले तर चेहरा दिसत नाही, असे आपल्यातलेच कोणी म्हणाले. मला वाटते, आजच्या अभ्यासवर्गातून आपण एवढा निर्णय घेऊन उठावे की परवाना नसलेला मुलगा आणि हेल्मेट नसलेले डोके आपल्या मिरवणुकीत यापुढे दिसणार नाही. गर्दी कमी दिसली तर दिसू द्या. येत्या ग्रामसभेत एस.टी.च्या वेळांचा आणि प्रशिक्षणाचा ठराव मांडताना, तो मांडण्याचा अधिकार निदान आपण कमावलेला असेल.