गंजी झाकायची ती आदल्या दिवशी

फेब्रुवारी लागला की हरभरा सोंगणीला येतो, गहू ओंबीवर असतो, संत्र्याचा मृग बहार तोडणीवर असतो. नेमकं तेव्हाच आभाळ फिरतं. 2014 च्या फेब्रुवारीअखेर आणि मार्चात गारांनी काय केलं, ते काटोल-नरखेडकडच्या बायांना सांगायला नको.

पश्चिमेकडून वरच्या वाऱ्यांतली एक लाट येते, तिला पश्चिमी विक्षोभ म्हणतात. काश्मीर-हिमाचलात तिच्यानं बर्फ पडतो, तिथं डोंगरावरून बर्फाचे कडे सुटतात. इकडे विदर्भात बंगालच्या उपसागरावरची ओल येऊन मिळाली की विजा आणि गारा. एकाच घरची दोन भांडणं समजा.

नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राकडून जिल्हावार इशारा निघतो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हाला. "साहेबांचं आभाळ आमच्या गावात येतच नाही," असं बाया म्हणतात. खरं आहे. इशारा अख्ख्या जिल्ह्याचा असतो, गार पडते दोन-चार गावांत. पण ते गाव कोणतं, हे आदल्या दिवशी कोणालाच ठाऊक नसतं.

माझं खरं दुखणं वेगळंच आहे. आभाळ काळं झालं, गडगडलं, की आपण वावराकडे धावतो. गंजी उघडी आहे ना! हातात विळा, डोक्यावर ताडपत्री, भोवती मोकळं रान. वीज गाठते ती याच वेळी. म्हणून नारंगी इशारा आला की गंजी त्याच दिवशी उंचवट्यावर रचा, झाका, कडेनं चर खोदा. गडगडाट ऐकल्यावर जायचं नाही. पीक गेलं तरी नाही.

वीज चमकली की आकडे मोजा. तीसच्या आत गडगडलं, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. पक्क्या घरात शिरा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. झाड, तारेचं कुंपण, मोटारपंप यांच्याजवळ थांबू नका. ढोरंही झाडाला बांधू नका. वावरातच अडकलात तर एकमेकींपासून लांब, पाय जुळवून उकिडव्या बसा. आडव्या पडू नका. पुण्याच्या हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप जवळ पडणारी वीज दाखवतं. पोराच्या मोबाईलवर घालून घ्या.

वीज लागलेल्या माणसाला हात लावला तर झटका बसतो, हा निव्वळ गैरसमज. अंगात वीज राहत नाही. लगेच 108 ला फोन करा, श्वास बंद असेल तर छाती दाबत राहा.

नुकसान झालंच तर आधी फोटो काढा, मग आवरा. तलाठी आणि कृषी सहायकांना त्याच दिवशी कळवा. सरकारी मदतीसाठी 33 टक्के नुकसान पंचनाम्यात यावं लागतं, आणि वावर साफ केल्यावर ते दाखवणार कुठून?

आमच्या गटानं मागल्या साली बचतीतून दोन ताडपत्र्या घेतल्या. पहिल्याच पावसात कोणाची गंजी आधी झाकायची यावरून वाद झाला. आता चिठ्ठी टाकतो, तीही आदल्या संध्याकाळी.